झडपेची गळती आणि क्लिपेचा आधार

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतील गोष्ट. पेढीवर वहीपूजन आटोपले, मुनीमजींना व हमालांना मिठाई वाटून झाली आणि माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, वरच्या मजल्यावर निघाले. सातव्या पायरीवर ते थांबले आणि कठड्याला धरून खाली बसले. मी मागेच होतो. विचारले, तर म्हणाले, "काही नाही रे, एक येणे लिहायचे राहिले की काय, ते आठवतो आहे."

दादांना येणी कधी विसरत नाहीत, हे मला ठाऊक होते. तरीही मी गप्प बसलो. एकाहत्तराव्या वर्षी जिना चढताना दम लागणारच, असे मी स्वतःला समजावले. पुढच्या चार महिन्यांत ते तीनदा रुग्णालयात दाखल झाले. पहिल्या खेपेस पायांना सूज होती, दुसऱ्या खेपेस रात्री झोपेतून गुदमरून उठले आणि तिसऱ्या खेपेस छातीत पाणी भरले होते. त्या पायरीवर मी जे पाहिले आणि मनावर घेतले नाही, त्याची रुखरुख आजही आहे. हा लेख लिहिण्यामागे ती रुखरुख आहेच. शिवाय त्यानंतरच्या वर्षभरात आमच्या कुटुंबाला जे शिकावे लागले, ते इतरांना थोडे आधी कळावे, ही इच्छाही आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेले. कर्जाच्या अर्जातील आकडे खरे किती आणि दाखवायचे किती, हे पाहण्यात गेले. त्याच नजरेने मी हा विषय वाचला, डॉक्टरांना प्रश्न विचारले आणि जे समजले ते येथे मांडतो आहे. उपचाराचा निर्णय मात्र प्रत्येकाने आपल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

हृदयाची विक्री आणि विक्री-परत

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते; पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते. रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत व पायांत पाणी साठते. दम लागणे, सपाट झोपता न येणे, उशांची संख्या वाढत जाणे, घोट्यांवर सूज येणे, थोड्या दिवसांत वजन वाढणे ही त्याची लक्षणे. दादांच्या उश्या एकाच्या तीन झाल्या होत्या. वहिनींच्या ते लक्षात आले होते. पण "कापूस जुना झाला आहे" असे सांगून दादांनी वेळ मारून नेली होती.

हृदयाला चार कप्पे असतात. फुप्फुसांतून शुद्ध झालेले रक्त डाव्या वरच्या कप्प्यात येते, तेथून डाव्या खालच्या कप्प्यात उतरते आणि हा बळकट कप्पा ते सर्व शरीराला पुरवतो. या दोन कप्प्यांमधील दरवाजा म्हणजे मायट्रल झडप. ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दोन टोकांच्या टोपीसारखी ती दिसते, म्हणून तिला हे नाव पडले. तिला दोन पाकळ्या असतात. छत्रीच्या काड्यांसारख्या बारीक दोऱ्यांनी त्या खालच्या कप्प्याच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हा दरवाजा उघडतो आणि मिटतो.

तो नीट मिटला नाही, तर प्रत्येक ठोक्याला काही रक्त पुढे न जाता मागे, फुप्फुसांच्या दिशेने परतते. आपल्या वाचकांना हे एका शब्दात सांगता येईल: विक्री-परत. दुकानातून शंभर पोती माल बाहेर पडला, खतावणीत शंभर पोत्यांची विक्री दिसली. पण त्यांतील पन्नास मागच्या दाराने परत आली, तर हमाली शंभराची आणि उत्पन्न पन्नासाचे. हृदयाचे नेमके असेच होते. स्नायू दुप्पट राबतो, शरीराला मात्र निम्मेच मिळते.

दादांच्या इकोच्या अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन ३२ टक्के' असे लिहिले होते. खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी प्रत्येक ठोक्याला किती टक्के बाहेर पडते, त्याचे हे माप. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ६५ टक्क्यांच्या आसपास असते. डॉक्टरांनी मला बजावले, "काका, हे ३२ सुद्धा खरे नाहीत. बाहेर पडलेल्या रक्तातले जवळजवळ निम्मे मागे जाते आहे." ताळेबंदातील फुगवलेली विक्री मी अनेकदा पकडली होती, ती आपल्याच भावाच्या छातीत सापडेल, असे वाटले नव्हते.

दोष दरवाजाचा की चौकटीचा?

ही गळती दोन प्रकारची असते आणि पुढचा सारा निर्णय या भेदावर अवलंबून असतो. पहिल्या प्रकारात झडपच बिघडलेली असते: पाकळी सैल पडते किंवा तिची दोरी तुटते. येथे दोष दरवाजाचा. दुसऱ्या प्रकारात पाकळ्या जवळजवळ धडधाकट असतात. पण हृदयविकाराच्या झटक्याने किंवा अन्य कारणाने स्नायू दुबळा होऊन कप्पा फुगतो, दोऱ्या खाली ओढल्या जातात, झडपेचे कडे रुंदावते आणि पाकळ्या एकमेकींना भेटू शकत नाहीत. येथे दोष चौकटीचा. दादांना २०१६ साली झटका येऊन गेला होता. त्यांची गळती या दुसऱ्या प्रकारची होती.

दुसऱ्या प्रकारात एक दुष्टचक्र असते. कप्पा फुगला म्हणून गळती होते. गळतीमुळे कप्प्यावर भार वाढतो. भारामुळे तो आणखी फुगतो आणि गळती आणखी वाढते. चक्रवाढ व्याजाचे हे कर्ज आहे. मुद्दल तसेच ठेवून नुसते व्याज भरत राहणाऱ्या कर्जदाराची जी गत होते, तीच या हृदयाची होते.

पहिल्या प्रकारात शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करणे हा आजही उत्तम मार्ग मानला जातो. दुसऱ्या प्रकारात मात्र छाती उघडून, हृदय थांबवून, यंत्रावर रक्ताभिसरण चालवून केलेली शस्त्रक्रिया दुबळ्या हृदयाला झेपेल की नाही, हीच शंका असते. आम्ही प्रथम ज्या शल्यविशारदांकडे गेलो, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, "मी करू शकतो, पण माझ्या भावाला मी हा सल्ला दिला नसता."

एका टाक्याची गोष्ट

या अडचणीतून जो मार्ग निघाला, त्याची कथा इटलीतील मिलान शहरात सुरू होते. तेथील शल्यविशारद ओत्ताव्हियो आल्फिएरी यांनी १९९१ साली एक अत्यंत साधी युक्ती केली. गळणाऱ्या झडपेच्या दोन पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने जोडून टाकल्या. दरवाजाच्या दोन फळ्या मध्यभागी एकमेकींना बांधल्या, तर दोन्ही बाजूंना दोन लहान वाटा उरतात. रक्त त्या दोन वाटांनी खाली उतरते; पण झडप मिटताना मधली फट उरत नाही. निसर्गाने दिलेल्या एका दरवाजाचे दोन करणे अनेक शल्यविशारदांना तेव्हा पटले नव्हते. टाका मात्र टिकला.

पुढचा प्रश्न अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ फ्रेडरिक सेंट गोअर यांना पडला: हाच टाका छाती न उघडता घालता येईल का? त्यासाठी १९९९ साली कॅलिफोर्नियात इव्हाल्व्ह नावाची कंपनी स्थापन झाली. टाक्याऐवजी क्लिप आली. २००३ साली व्हेनेझुएलातील काराकास येथे माणसावर तिचा पहिला वापर झाला. २००८ साली युरोपने तिला मान्यता दिली आणि २००९ साली अॅबट कंपनीने इव्हाल्व्ह विकत घेतली. अमेरिकेत २०१३ साली बिघडलेल्या झडपेसाठी आणि २०१९ साली हार्ट फेल्युअरमधील गळतीसाठी तिच्या वापरास परवानगी मिळाली. 'मायट्राक्लिप' या नावाने ती ओळखली जाते. याच तत्त्वावरील इतर साधनेही आता उपलब्ध आहेत.

प्रक्रिया कशी होते?

रुग्णाला भूल दिली जाते. अन्ननलिकेतून इकोची नळी उतरवतात, कारण तेथून झडप अगदी जवळून दिसते. जांघेतील शिरेला लहानसे छिद्र करून त्यातून एक लांब, वळवता येणारी नळी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात नेतात. दोन वरच्या कप्प्यांमधील पातळ पडद्याला सुईने छिद्र पाडून ती डावीकडे जाते. नळीच्या टोकाशी क्लिप असते. तिच्या भुजा ९ ते १२ मिलिमीटर लांबीच्या असतात. इकोच्या पडद्यावर पाहत तज्ज्ञ ती झडपेच्या बरोबर मध्यावर आणतात, दोन्ही पाकळ्यांच्या कडा तिच्या भुजांत पकडतात आणि क्लिप मिटवतात. हे सारे धडधडत्या हृदयात चालते. हृदय क्षणभरही थांबवत नाहीत.

या पद्धतीतील एक गोष्ट माझ्या बँकेतल्या मनाला फार भावली. क्लिप मिटवल्यावर ती लगेच सोडून देत नाहीत. गळती किती घटली ते मोजतात आणि दरवाजा फार अरुंद तर झाला नाही ना, हेही मोजतात. समाधान झाले नाही, तर क्लिप उघडून पुन्हा लावता येते किंवा बाहेरही काढता येते. समाधान झाले की मगच ती कायमची सोडतात. सही करण्यापूर्वी मसुदा पुन्हा वाचण्याची संधी येथे आहे. गरजेनुसार दुसरी क्लिपही लावतात. पुढे काही महिन्यांत क्लिपेभोवती शरीराचे स्वतःचे ऊतक वाढते आणि ती पक्की होते.

धोके नाहीत असे मात्र कोणी सांगू नये. जांघेतून रक्तस्राव, क्लिप एका पाकळीवरून सुटणे, झडप अरुंद होणे, हृदयाभोवती रक्त साठणे, पक्षाघात आणि क्वचित मृत्यू हे धोके आहेत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मी ते एकेक करून वाचले आणि प्रत्येकाबद्दल विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते, तर मी रुग्णालय बदलले असते.

दोन चाचण्या, दोन निकाल

आता माझ्या चुकीकडे येतो. दादांना क्लिपेचा सल्ला मिळाला, तेव्हा घरात सर्वांत मोठा अडथळा मीच होतो. मी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीबद्दल वाचले होते. मित्रा-एफआर हे तिचे नाव. ३०४ रुग्णांपैकी निम्म्यांना क्लिप आणि औषधे, निम्म्यांना केवळ औषधे. वर्षअखेर मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होणे यांचे प्रमाण क्लिपच्या गटात ५४.६ टक्के आणि औषधांच्या गटात ५१.३ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. मी तो कागद घरच्या बैठकीत टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "इतका खर्च, आणि परतावा शून्य."

पुतण्याने डॉक्टरांशी बोलून दुसरा कागद आणला. त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतराने कोआप्ट या चाचणीचा निकाल आला होता. अमेरिका व कॅनडातील ७८ केंद्रे, ६१४ रुग्ण. दोन वर्षांत केवळ औषधांच्या गटात ४६.१ टक्के रुग्ण दगावले होते. क्लिपच्या गटात २९.१ टक्के. हार्ट फेल्युअरमुळे दाखल होण्याचे प्रमाण दर १०० रुग्णांमागे वर्षाला ६७.९ वरून ३५.८ वर आले होते. सोप्या भाषेत, सुमारे सहा रुग्णांना क्लिप लावली, तर दोन वर्षांत एक मृत्यू टळत होता.

एकाच साधनाचे एकाच वर्षी असे दोन निकाल कसे? मी डॉक्टरांना हेच विचारले. त्यांचे उत्तर ऐकून मला कर्जवाटपाची आठवण झाली. तीच कर्जयोजना दोन शाखांत राबवली, तर एका शाखेत वसुली चोख होते आणि दुसरीत खाती बुडतात. कारण फरक योजनेत नसून कर्जदारांच्या निवडीत असतो. कोआप्टमधील रुग्णांची गळती मोठी होती, झडपेतील फटीचे सरासरी क्षेत्रफळ ४१ चौरस मिलिमीटर. पण हृदय तुलनेने कमी फुगलेले होते. फ्रेंच चाचणीत फट लहान, ३१ चौरस मिलिमीटर. आणि हृदय मात्र जास्त फुगलेले. जेथे गळती हेच मोठे दुखणे आहे, तेथे गळती बंद करून लाभ होतो. जेथे स्नायूच पार खचला आहे, तेथे दरवाजा दुरुस्त करून घर सावरत नाही. शिवाय कोआप्टमध्ये रुग्णाला आधी सहन होतील तितकी सर्व औषधे पूर्ण मात्रेत दिली आहेत, याची तज्ज्ञांच्या समितीने खातरजमा केली होती. हे कारण बहुतेक तज्ज्ञ मान्य करतात, तरी त्यावरची चर्चा सुरूच राहिली आहे.

२०२४ साली युरोपातील रीशेप-एचएफ-२ या तिसऱ्या चाचणीचा निकाल आला. ५०५ रुग्ण. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे दाखल होणे, अशा घटना दर १०० रुग्णांमागे वर्षाला ५८.९ वरून ३७ वर आल्या होत्या. आता अमेरिका व युरोपातील हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत, योग्य निवड केलेल्या रुग्णांसाठी या प्रक्रियेला स्थान मिळाले आहे.

एक आकडा मात्र दडवून ठेवणे योग्य नाही. कोआप्टमधील रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्लिपच्या गटातही ५७.३ टक्के रुग्ण पाच वर्षांत दगावले होते. दुसऱ्या गटात ६७.२ टक्के. क्लिप गळती थांबवते. झटक्याने मेलेला स्नायू जिवंत करत नाही. ज्यांना हे आधी सांगितले जात नाही, त्यांची पुढे निराशा होते.

आधी औषधांचा हप्ता

दादांच्या डॉक्टरांनी लगेच क्लिप लावली नाही. "तीन महिने औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेऊ, मग पुन्हा इको करू," असे ते म्हणाले. हार्ट फेल्युअरवर आज औषधांचे चार आधारस्तंभ मानले जातात: सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन किंवा त्या वर्गातील जुनी औषधे, बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे आणि मूळची मधुमेहाची असलेली डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या या व्यतिरिक्त. काहींच्या हृदयाचे विद्युत्-वहन विसंगत असते. त्यांना विशिष्ट पेसमेकर बसवल्यानेही गळती घटते.

आमच्या ओळखीच्या एका आडत्यांच्या बाबतीत हेच घडले. त्यांनाही क्लिप सुचवली होती. पण औषधे वाढवून आणि तो पेसमेकर बसवून सहा महिन्यांत त्यांची गळती इतकी कमी झाली की क्लिपेची गरजच उरली नाही. दादांचे तसे झाले नाही. तीन महिन्यांनंतर सूज गेली, रक्तदाब स्थिर झाला. पण इकोत गळती तेवढीच होती. तेव्हा मी माझा फ्रेंच कागद घडी घालून खिशात ठेवला.

वहिनींचा प्रश्न

आपल्या समाजातील वाचकांसाठी एक प्रसंग मुद्दाम लिहितो. शल्यविशारदांच्या खोलीत आम्ही सारे झडप बदलण्याचा धोका, खर्च, दिवस याविषयी बोलत होतो. वहिनी शेवटी हळूच म्हणाल्या, "नवी झडप कशाची असते?" खोलीत क्षणभर शांतता पसरली. डॉक्टरांनी सांगितले की ऊतकाची झडप गाय-बैलाच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनवतात. यांत्रिक झडप कार्बन व धातूची असते, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध आयुष्यभर घ्यावे लागते.

क्लिपेविषयीही त्यांनी तोच प्रश्न विचारला. क्लिप धातूची असून तिच्यावर पॉलिएस्टरच्या कापडाचे आवरण असते. तिच्यात प्राण्याचे ऊतक नसते. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. प्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपरिन द्यावे लागते आणि ते बहुधा डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात, हेही त्यांनी सांगितले. न सांगता निभले असते. त्यांनी सांगितले, याचा मला आदर वाटतो.

त्या रात्री दादांनी स्वतः निर्णय घेतला. म्हणाले, "माहीत असून घेतले, त्याचे मिच्छामि दुक्कडं मनापासून म्हणेन. माहीतच करून घेतले नाही, असे मात्र नको." प्रत्येक कुटुंबाचा विवेक वेगळा असू शकतो. माझे म्हणणे इतकेच की हा प्रश्न लाजून टाळू नये आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ तर मुळीच पहिल्यांदा विचारू नये. आधी विचारला, तर डॉक्टर उत्तर देतात आणि पर्यायांचा विचार करायला वेळ मिळतो.

व्रत, मीठ आणि गोळ्या

दुसरी गोष्ट आहाराची. आपल्या घरांत मद्य-मांस नाही, म्हणून हृदय सुरक्षित आहे, असा एक भ्रम आहे. मिठाचा हिशेब कोणी ठेवत नाही. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून पापडाची भाजी, शेवेची भाजी, गट्टे, लोणचे, खाकरा, फरसाण ताटात येते. आहारतज्ज्ञांनी दादांचा आठवडा लिहून घेतला, तेव्हा सर्वाधिक मीठ याच पुण्यतिथींना जात असल्याचे दिसले. आता वहिनी त्या दिवशी बिनमिठाचे मूग, डाळी आणि दही यांवर भागवतात.

तिसरी गोष्ट उपवासाची. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने निर्जल उपवास किंवा अठ्ठाई डॉक्टरांना न विचारता करू नये. पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना पाणी बंद झाले, तर रक्तदाब एकदम घसरतो आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. डापाग्लिफ्लोझिन वर्गातील औषधांबरोबर दीर्घ उपवास केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. गोळ्या आपल्या मनाने बंद करणे त्याहून वाईट. दादांचा चोविहार मात्र सुटला नाही. डॉक्टरांनी सकाळची मात्रा नवकारसीनंतर आणि दुसरी सूर्यास्तापूर्वी अशी बसवून दिली. आपले व्रत डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, तर ते सहसा वेळापत्रक जुळवून देतात. सांगितलेच नाही, तर गोळी रात्रीची लिहिली जाते आणि रुग्ण ती गुपचूप टाळतो.

पैशाचा हिशेब

भारतात मोठ्या शहरांतील निवडक हृदयरुग्णालयांत ही प्रक्रिया होते. खर्चाचा मोठा वाटा क्लिपेच्या किमतीचा असतो आणि एकूण रक्कम दोन आकडी लाखांत जाते. गुजरातेतील वापी येथील मेरिल या कंपनीने २०२५ साली भारतीय बनावटीची अशी क्लिप बाजारात आणली आहे. स्पर्धा वाढली की भाव उतरतात, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको.

बैठकीत दादा म्हणाले होते, "या वयात माझ्यावर इतकी रक्कम? त्यात धाकट्याची नवी दुकानशाखा उभी राहील." पुतण्याने शांतपणे उत्तर दिले, "बाबा, शाखा पुढच्या वर्षीही काढता येईल." त्यापुढे कोणाला बोलावे लागले नाही.

विम्याबाबत तीन सूचना करतो. पॉलिसीतील खोलीच्या भाड्याची मर्यादा पाहावी. महाग खोली घेतल्यास अनेक पॉलिसींत भाड्यासोबत इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. क्लिप ही बसवली जाणारी वस्तू आहे. तिच्या रकमेला स्वतंत्र मर्यादा आहे का, हे विमा कंपनीकडून पूर्वमंजुरीसह लेखी घ्यावे. आणि पॉलिसी घेताना जुना आजार लपवू नये. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. पाच वर्षे सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही. विमा तरुणपणी घ्यावा, हे मी ग्राहकांना तीस वर्षे सांगत आलो. आपल्याच घरात दादांचा विमा अपुरा निघाला आणि उरलेली रक्कम पेढीतून काढावी लागली, हेही कबूल करतो.

त्यानंतर

प्रक्रिया सुमारे दोन तास चालली. एक क्लिप लावली; गळती तीव्रवरून सौम्यावर आली. चौथ्या दिवशी दादा घरी आले. छातीवर टाका नाही, जांघेत एक लहानशी खूण. पहिल्या रात्री वहिनींनी सवयीने तीन उश्या रचल्या. पहाटे पाहिले, तर दोन उश्या खाली पडलेल्या होत्या आणि दादा सपाट झोपले होते.

याला चमत्कार म्हणणार नाही. दादांचे हृदय आजही दुबळे आहे. चारही औषधे चालू आहेत. मध्यंतरी सर्दी-तापाचे निमित्त होऊन एकदा दाखल करावे लागले. क्लिपेचे ओळखपत्र ते पाकिटात ठेवतात. दातांच्या कोणत्याही उपचारापूर्वी आणि एमआरआयपूर्वी ते दाखवायचे असते. रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्यापूर्वी, ते वजन करतात आणि एका जुन्या रोजमेळात लिहून ठेवतात. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा अधिक वाढ झाली, तर डॉक्टरांना फोन करायचा, हा नियम. पन्नास वर्षे त्यांनी जमा-खर्चाचा मेळ घातला. आता ते पाण्याचा मेळ घालतात.

वाचकांपैकी कोणाच्या घरी वडीलधारी व्यक्ती जिन्यात थांबत असेल, उश्या वाढवत असेल, संध्याकाळी चपला घट्ट होत असतील, तर "वयच झाले" म्हणून विषय मिटवू नका. साधा इको करून घ्या. गळती निघाली, तर पाच प्रश्न विचारा: दोष दरवाजाचा की चौकटीचा? गळती किती तीव्र आणि हृदय किती फुगलेले? औषधे पूर्ण मात्रेत झाली का? विशेष पेसमेकरची गरज आहे का? आणि हा निर्णय एकट्या डॉक्टरांचा आहे, की हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद व इकोतज्ज्ञ यांनी मिळून घेतलेला आहे?

मागील दिवाळीत वहीपूजन झाल्यावर दादा पुन्हा जिना चढू लागले. मी मागेच होतो. सातव्या पायरीवर ते क्षणभर थांबले. माझ्या छातीत धस्स झाले. त्यांनी मागे वळून पाहिले आणि हसून म्हणाले, "घाबरू नकोस. तुझी वाट पाहतो आहे. आता दम तुला लागतो."

खरेच लागला होता. पुढच्याच आठवड्यात मी माझा इको करून आलो.